शंभर किलो पत्रा डोक्यावर

(बेळगावातल्या एका कॉलनीत रहिवाशांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ओळख करून देताना आत्ता मला सुरक्षेचा माणूस म्हटलं. चोर, कॅमेरे, कुलपं असं काही ऐकायला कोणी आलं असेल तर आधीच सांगतो, त्यातलं मला फार कळत नाही. मी इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शटर आणि गेटं तयार करतो, दुरुस्त करतो. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं : ‘कुलूप तेवढं दणकट बसवा की हो.’ हे पडेल का, असं विचारणारा क्वचितच भेटतो. पण कामाच्या निमित्तानं घराघरांत ज्या दुखापती मी पाहिल्या, त्यात चोराचा हात नव्हता. त्या वजनानं झालेल्या होत्या.

तर आधी वजनाचा हिशोब. घराखाली गाडी लावायला १० फूट रुंद आणि ८ फूट उंच शटर धरा. म्हणजे ८० चौरस फूट, साडेसात चौरस मीटरला थोडं कमी. १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतो. पण शटरच्या पट्ट्या सपाट नसतात. त्या वाकवून एकमेकींत अडकवलेल्या असतात, त्यामुळे पत्रा बराच जास्त लागतो. त्यात खालची बॉटम पट्टी, अँगल, कुलपाचं लोखंड. सगळं मिळून १०० किलोच्या घरात जातं. आणि हेच शटर सकाळी घरातली आजी हाताने वर ढकलते.

ती ढकलू शकते, कारण वर पत्र्याच्या बॉक्समध्ये पाईपवर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली येताना त्या पिळल्या जातात, वर जाताना तो पीळ सुटतो आणि वजन उचलतो. म्हणजे हा तराजू आहे, एका पारड्यात पत्रा आणि दुसऱ्यात पीळ. पारडी सारखी आहेत की नाहीत हे घरच्या घरी बघता येतं. मोटर असेल तर ती आधी बंद करून हातावर घ्या. मग शटर कमरेएवढं उचला आणि अलगद हात सैल करा. पाय खाली ठेवू नका, पोरांना लांब ठेवा. शटर तिथंच थांबलं किंवा किंचित सरकलं तर ठीक. धाडकन खाली आलं तर स्प्रिंग थकलीय किंवा एखादी तुटलीय. आपोआप वर पळालं तर पीळ जास्त भरलाय, आणि तेही चांगलं नाही.

स्प्रिंगेलाही आयुष्य असतं. अमेरिकेत घरोघरी गॅरेजचे दरवाजे असतात, तिथली साधी स्प्रिंग साधारण १०,००० वेळा उघडझाप होईल या हिशोबानं बनवतात. दिवसाला चार वेळा उघडझाप धरली तर सातेक वर्षं. आपल्याकडे दूध, शाळेची रिक्षा, ऑफिस, क्लास, संध्याकाळी पुन्हा भाजी, चारवर कुठलं घर थांबतं? जड व्हायला लागलेलं शटर आपण ‘पावसानं फुगलंय’ म्हणून सोडून देतो. लाकडाचं दार फुगतं हो, पत्रा कुठून फुगणार? एक तर स्प्रिंग गेली, नाहीतर गाईडमध्ये, म्हणजे शटर ज्यातून सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या खाचांत, गंज भरला.

आणि ती स्प्रिंग स्वतः खोलायची नाही. हे मी माझा धंदा चालावा म्हणून सांगत नाही. बेअरिंगला तेल घाला, गाईड पुसा, नट ढिला वाटला तर आवळा, हे सगळं घरी करा. पण बॉक्स उघडून पाईपचा क्लॅम्प सोडला की पिळात साठलेला सगळा जोर एका झटक्यात बाहेर येतो. पाना हातातून सुटतो आणि तोंडाकडे येतो. मेस्त्रीसुद्धा आधी शटर जागेवर बांधून ठेवतो, मगच पीळ उतरवतो. जो मेस्त्री तसं करत नाही, त्याला शिडीवर चढू देऊ नका.

आता पोरांचं. वर जाणाऱ्या शटरच्या बॉटम पट्टीला लोंबकळणं हा आपल्या गल्लीतला जुना खेळ आहे. मोटर लागल्यापासून त्याला जास्त रंग चढलाय. हात सुटला तर पोरगं पडतं, नाही सुटला तर बोटं वरच्या गुंडाळीत जातात. भिंतीवरचं बटण पाच फुटांच्या वर हवं आणि जिथून शटर पूर्ण दिसतं तिथंच हवं. रिमोट टीव्हीच्या रिमोटशेजारी ठेवू नका.

अमेरिकेत मोटरच्या गॅरेज दरवाजाखाली मुलं सापडून दगावत होती. तिथं १९९० मध्ये कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती मोटरींना नुसतं काही लागल्यावर उलटं फिरणं पुरेसं राहिलं नाही. त्यासोबत खाली दोन्ही बाजूंना प्रकाशाचे डोळे किंवा कडेला स्पर्श ओळखणारी पट्टी बंधनकारक झाली. डोळे जमिनीपासून सहा इंचांच्या आत लावतात, कारण रांगणारं बाळ तेवढ्याच उंचीवर असतं. आपल्याकडे बसणाऱ्या पुष्कळ शटर मोटरींना एकच गोष्ट कळते : लिमिट स्विच, म्हणजे शटर कुठं थांबायचं ते ठरवणारा खटका, आला की थांबायचं. मध्ये सायकल आहे, मांजर आहे की तुमचा नातू, तिला काही फरक पडत नाही. मोटर घेताना सेन्सर आहे का विचारा. नसेल तर रिमोट दाबून आत निघून जाऊ नका, शटर जमिनीला टेकेपर्यंत बघत उभं राहा.

शटरपेक्षा मला जास्त भीती सरकत्या गेटाची वाटते. गेट बारा-चौदा फूट लांब, खाली दोन चाकं, जमिनीत रूळ, वर एक मार्गदर्शक रोलर. गेटाच्या शेवटी स्टॉपर नसेल किंवा वेल्डिंग तुटून पडला असेल, तर जोरात ढकललेलं गेट रोलरच्या बाहेर जातं आणि आडवं पडतं. पडायच्या बाजूला तेव्हा बहुधा ढकलणाराच असतो, आणि गेट ढकलायला पोरांना आवडतं. आज घरी गेल्यावर एवढं बघा : दोन्ही टोकांना स्टॉपर आहे का, हलवल्यावर तो हलतो का, वरचे रोलर झिजलेत का, रुळात खडी साचलीय का. स्टॉपर नसेल तर तो बसेपर्यंत गेट मोठ्या माणसानंच सरकवायचं. त्या वेल्डिंगला लागणारा खर्च सांगायलासुद्धा मला लाज वाटते, इतका तो कमी आहे.

पावसाचं तुम्हाला मी काय सांगू? जांबोटी-कणकुंबीकडच्या मंडळींना तर अजिबात नको. शटर सडतं ते खालून, बॉटम पट्टी आणि गाईडचा जमिनीलगतचा वीतभर भाग. मे महिन्यात तेवढा भाग घासून रेड ऑक्साईड आणि वर रंग मारला तर बरीच वर्षं निघतात. गाईडमध्ये गाडीचं काळं ऑईल ओतणारे पुष्कळ आहेत. त्या तेलात धूळ बसते, त्याचा लगदा होतो आणि शटर आणखी जड होतं. गाईड कोरड्या फडक्यानं पुसा, हवं तर सिलिकॉनचा हलका फवारा मारा. ऑईल हवं असतं ते बेअरिंगला. आणि सरकत्या गेटाची मोटर जमिनीलगत असते, तिला कट्टा बांधून उंच करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गावांत पाणी कुठवर आलं होतं ते निपाणीकडच्या पाहुण्यांना विचारा.

गणपतीचं बोलायला हवं. पार्किंग रिकामं करून तिथं मखर, आणि लाईटच्या माळा शटरच्या गाईडमधून बाहेर. रात्री शटर ओढलं की वायर चेमटते, प्लास्टिक फाटतं आणि शटरचा सगळा पत्रा लाईव्ह होतो. सकाळी दूधवाला हात लावतो. वायर वरच्या झरोक्यातून घ्या. मोटरला अर्थिंग हवंच, आणि त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवा. बाकी, शटर खाली ओढून आत स्कूटर तापवणं किंवा जनरेटर चालवणं हे तर करूच नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं वाटतं, मग झोप येते.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातले दोन इथे घेतले आहेत.)

जुन्या शटरला मोटर लावली तर जड लागायचं थांबेल का, असं काका विचारताहेत. तुम्हाला जड लागणार नाही, मोटरला लागेल. पारडी बिघडलेली असताना मोटर लावणं म्हणजे दुखणं झाकणं आहे. गिअर लवकर झिजतो, आणि वीज गेली की साखळीनं ते शटर उचलताना घाम फुटतो. आधी स्प्रिंग बदला, शटर हातानं हलकं होऊ द्या, मग मोटर.

वडगावच्या ताईंचा प्रश्न सगळ्यांसाठी आहे. पुढं मागाची खोली, मागं घर, रस्त्याकडे एकच शटर, आणि रात्री आत माणसं असताना मालक बाहेरून कुलूप लावून भावाकडे झोपायला जातो. ताई, सूत, रुई, तेल, मोटरी, सगळं आत आहे. आग लागली तर शटर तापतं, पट्ट्या वाकतात आणि मग कुलूप उघडूनही ते वर जात नाही. शटरच्या पोटात माणूस जाईल एवढा लहान दरवाजा करून मिळतो, पण तोही त्याच पत्र्यात असतो. मागच्या भिंतीत आतून कडी लागणारं दार काढणं जास्त चांगलं. भिंत दुसऱ्याच्या जागेला लागून असेल तर खिडकीचे गज बिजागरीवर करा, आतून उघडतील असे. आणि ते होईपर्यंत कुलूप आतल्या बाजूला, किल्ली कुलपाजवळच खिळ्याला. मालक नाही म्हणाले तर त्यांना माझ्याकडे पाठवा, मी समजावतो.