पक्ष्याच्या नावातला माणूस कसा शोधावा

पक्ष्याचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं, आणि त्यातला दुसरा शब्द पुष्कळदा एखाद्या माणसावरून आलेला असतो. तो माणूस कसा शोधायचा ते पाहू. सुरुवात दख्खनपासून करू. १८२४ साली मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमलं. त्या फिरतीत सायक्सनी पक्षी जमवले आणि १८३२ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्यांची यादी मांडली. त्यातले दोनच पक्षी आज घेऊ. एक सह्याद्रीच्या दाट रानातलं निलगिरी रानकबूतर. त्याच्या शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द आहे एल्फिन्स्टोनिआय. दुसरा पक्षी माळावर थव्याने कलकलाट करणारा मोठा राखी सातभाई, त्याचा दुसरा शब्द माल्कोल्माय. एल्फिन्स्टन यांच्यानंतर १८२७ मध्ये सर जॉन माल्कम गव्हर्नर झाले. म्हणजे सायक्सनी आपल्या दोन्ही वरिष्ठांच्या नावे एकेक पक्षी केला.

आता या शब्दांची शेवटची अक्षरं बघा. लेखक एक, यादी एक, तरी रोमन लिपीत एल्फिन्स्टनच्या शेवटी दोन 'आय' (i) आणि माल्कमच्या शेवटी एकच. दोन्ही रूपं षष्ठीची, पुरुषासाठी. नाव आधी लॅटिन वळणाचं केलं, 'एल्फिन्स्टोनियस' असं, तर षष्ठीत दोन 'आय' येतात. मूळ नावालाच प्रत्यय लावला तर एक. आणि सालिम अली किंवा (पुढे भेटणारे) गॉडलेव्स्की यांच्यासारखं नाव मुळातच 'आय'वर संपत असेल, तर एक प्रत्यय लागूनही शेवटी दोन दिसतात. हिमालयातल्या एका कस्तुराला २०१६ साली दिलेलं 'सालिमालिआय' हे नाव या तिसऱ्या प्रकारचं.

यातलं कुठलंही रूप आपल्या मनाने सुधारायचं नाही. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार मूळ लेखकाने लिहिलं तेच टिकतं. लेशेनॉल्ट हे फ्रेंच निसर्गअभ्यासक पाँडिचेरीला होते. पक्षीशास्त्रज्ञ व्हिएलो यांनी १८१७ साली एका वेड्या राघूला त्यांचं नाव एका 'आय'ने दिलं, आणि लेसन यांनी १८३० साली सिरकीर मालकोहाला दोन 'आय'ने. माणूस तोच, स्पेलिंग दोन, आणि दोन्ही बरोबर. म्हणून जुन्या ग्रंथांत किंवा संगणकावर शोध घेताना दोन्ही रूपं टाकून पाहा. एकाच रूपावर थांबलात तर निम्मे उल्लेख हाती लागणार नाहीत.

स्त्रीसाठी शेवट 'ए-ई' या दोन अक्षरांचा. आपल्याकडच्या जंगलात सहज दिसणारा टिकेलचा निळा माशीमार घ्या. पक्षीनिरीक्षक त्याचा संबंध सॅम्युअल टिकेल या अधिकाऱ्याशी जोडून मोकळे होतात. पण पक्षीशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४३ साली दिलेला शब्द 'टिकेलिई' आहे, म्हणजे हा मान टिकेल घरातल्या बाईंचा. इंग्रजी नावात स्त्री-पुरुष कळत नाही, मराठीत आपण तेच इंग्रजी नाव उचललं, आणि बाई दोन्हीकडे झाकल्या गेल्या. हे मला फार खटकतं, कारण पुरावा नावातच छापलेला आहे. भारतातल्या पक्ष्यांचे अभ्यासक ए. ओ. ह्यूम यांनी १८८१ साली पत्नीच्या नावे केलेला फेजंट आणि चित्रकार एलिझाबेथ गोल्ड यांच्या नावाचा शिंजीर हे याच पठडीतले.

कधी नावाचं विशेषण होतं. मोनालच्या 'इम्पेजानस'मध्ये बंगालच्या सरन्यायाधीशांच्या पत्नी लेडी मेरी इम्पी आहेत. लॅटिनमध्ये जाताना 'वाय'चा 'जे' झाला, त्यामुळे नुसतं इम्पी शोधून हा शब्द सापडत नाही. या बाईंनी कलकत्त्यात पक्ष्यांची चित्रं काढून घेतली ती शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांच्याकडून. चित्रांवर त्यांची नावं आहेत, पक्ष्यांच्या नावांत मात्र ती कुठेच नाहीत.

अनेकांसाठी 'ओरम'. अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्याचा 'बुगुनोरम' हा बुगुन समाजाचा पक्षी. रमण आत्रेय यांनी २००६ साली त्याचं वर्णन केलं, तेही पक्षी न मारता, जाळ्यात आलेल्या पक्ष्याची पिसं आणि छायाचित्रं यांच्या आधारे. पण प्रत्येक 'ओरम'मागे माणसं नसतात. हिवाळ्यात आपल्या झुडपांत टकटक करणाऱ्या ब्लाइथच्या बोरू वटवट्याचा 'ड्युमेटोरम' म्हणजे झुडपांचा, एवढंच. तिबेटच्या पठारावरच्या एका पक्ष्याचा 'ह्युमिलिस' बघून ह्यूमच आठवतात, आणि त्याचं वर्णन केलंय ह्यूम यांनीच. पण तो शब्द साधा लॅटिन आहे, अर्थ नम्र किंवा ठेंगणा. अशा वेळी एक खूण कामी येते. एकोणिसाव्या शतकात व्यक्तीवरून आलेला दुसरा शब्द मोठ्या अक्षराने छापायची रीत होती. आज तो नेहमी लहान अक्षराने लिहितात, म्हणून ही खूण फक्त मूळ छपाईत मिळते.

इंग्रजी नावावरून तर माणूस कधीच ठरवू नये. ब्लाइथच्या तीरचिमणीचं शास्त्रीय नाव 'गॉडलेव्स्किआय'. विक्टर गॉडलेव्स्की हे १८६३ च्या पोलिश उठावात भाग घेतल्याबद्दल सैबेरियात हद्दपार झालेले गृहस्थ. तिथे बैकालच्या परिसरात त्यांनी बेनेडिक्ट डिबोव्स्की यांच्यासोबत संशोधन केलं. एकाच पक्ष्यावर दोन माणसं, आणि शास्त्रीय नावात ब्लाइथ नाहीतच. अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने २०२३ मध्ये व्यक्तींवरून आलेली इंग्रजी नावं बदलायचं ठरवलं, तेही इंग्रजीपुरतंच. शास्त्रीय शब्दांना त्याने धक्का लागत नाही.

शास्त्रीय नावापुढे छापलेलं आडनाव हे वर्णन करणाऱ्याचं असतं, सन्मान झालेल्याचं नव्हे. ते कंसात असेल तर त्याचा अर्थ इतकाच की पहिला शब्द नंतर बदलला. वनपिंगळ्याला ह्यूम यांनी 'हेटरोग्लॉक्स ब्लेविटाय' म्हटलं. आज त्याला 'अथेने'मध्ये धरलं की 'ह्यूम, १८७३' कंसात जातं. आडनाव आणि साल हातात आलं की मूळ वर्णन गाठायचं. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत बहुतेक जुनी नियतकालिकं फुकट वाचता येतात. वर्णनात कारण दिलेलं असेलच असं नाही. पुष्कळदा नमुना कुणी पाठवला एवढंच असतं, आणि तिथूनच पुढचा माग काढावा लागतो. पुढच्या-मागच्या अंकांतही पाहा. खंडावर छापलेलं साल आणि अंक प्रत्यक्ष बाहेर पडल्याचं साल यांत फरक असू शकतो, ते वेगळं तपासा.

नुसत्या आडनावाने कसं फसायला होतं, हे वनपिंगळ्यात दिसतं. ह्यूम यांना घरटी-अंड्यांची माहिती पुरवणारे ब्लेविट दोन होते, विल्यम आणि फ्रान्सिस रॉबर्ट. विल्यम यांच्या नोंदी आजच्या हरियाणातल्या हांसीकडच्या. पिंगळ्याचा नमुना डिसेंबर १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात मिळाला, तो फ्रान्सिस यांना. निवाडा करतात ती ठिकाणं आणि तारखा. असंच ठिकाणाचं कोडं फेअरबँक यांच्याबाबत पडतं. निसर्गअभ्यासक ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याला 'फेअरबँकाय' म्हटलं. सॅम्युअल फेअरबँक यांचा मुक्काम मात्र नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याचा. ते अमेरिकन मराठी मिशनचे, आणि पळणीत त्यांनी पक्षी गोळा केले होते. पक्षी तमिळ मुलखातला आहे म्हणून फक्त तिथली कागदपत्रं चाळली, तर त्यांचं बरंचसं आयुष्य नजरेआड राहील. अशा ठिकाणी मिशनचे अहवाल, लष्करी याद्या, गॅझेटियर आणि दफनभूमीच्या नोंदी उपयोगी पडतात.

आणि नमुन्याला बांधलेली चिठ्ठी. तीही पारखून घ्यावी लागते. खानदेशात सरकारी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात वनपिंगळे जमवले. त्यांतला एक ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी संग्रहालयातून लांबवला, पुन्हा भरला आणि त्यावर गुजरातमधलं मांडवी, १९१४ अशी चिठ्ठी लावली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ती कातडी तपासली तेव्हा जुन्या भरणीच्या खुणा डेव्हिडसन यांच्या कामाशी जुळल्या. मांडवीचा धागा सुटला, शोध जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना जिवंत वनपिंगळा दिसला.