कोळशाची पेन्सिल होते का?

नमस्कार श्रोतेहो. सातवीत असताना माझ्याकडे दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि थोडी वायर होती. मधे पेन्सिलीचं शिसं धरलं, की बल्ब मिणमिणायचा. शिसं म्हणतो आपण, असतं ते ग्राफाइट आणि माती. ग्राफाइट म्हणजे कार्बन. कोळसाही कार्बनच. मग आजीच्या पोत्यातला लाकडी कोळसा धरला. बल्ब लागेना. (तो कोळसा वांगी भाजायचा. माझ्या मते भरिताचं वांगं तुराट्यांवरच भाजावं, गॅसवर त्याला तो वासच येत नाही.)

इतवारीत शेजारी सोनारकाका होते. म्हणाले, "आण इकडे." त्यांनी तुकडा मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात ठेवला, वर कोळशाची पूड दाबली, म्हणजे हवा लागून जळायला नको. झाकण लावलं आणि मूस भट्टीत, सोनं वितळतं त्या आचेला. सोनं वितळतं 1064 अंशांना. मी मे महिन्यातल्या उन्हात दाराशी बसून राहिलो. संध्याकाळी तुकडा निघाला: लहान, कठीण, फरशीवर टाकला तर खण्णकन वाजला. वायर लावली आणि बल्ब लागला! मी धावत आजीला दाखवायला गेलो. मग कागदावर घासला. पेन्सिलीसारखी रेघ येईना, कागदच फाटला.

असं का? पोत्यातल्या कोळशात कार्बनचे पापुद्रे इवलेसे आणि विस्कटलेले असतात, अधूनमधून हायड्रोजन, ऑक्सिजन. आच वाढली की ते वायू निघून जातात, पापुद्रे वाढून एकमेकांना जोडले जातात, वीज वाहू लागते. पण रेघ उमटायला पापुद्रे पत्त्यांच्या कॅटसारखे नीट रचलेले हवेत, म्हणजे ते घसरतात. पेट्रोलियम कोक, म्हणजे खनिज तेलाच्या गाळापासून होणारा कोळसा, 3000 अंशांच्या आसपास तापवला तर ते रचले जातात, कारण त्याचा कच्चा माल आधी मऊ, पातळ होतो आणि पापुद्र्यांना वळायला वाव मिळतो. लाकूड वितळतच नाही. त्याचे पापुद्रे वेडेवाकडे गुंतून बसतात आणि 3000 अंशांनाही सुटत नाहीत. पुन्हा सांगतो, 3000 अंशांनाही नाही. हा फरक ब्रिटिश शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांनी 1951 साली क्ष-किरणांच्या आधारे मांडला. डीएनएपुरतंच त्यांचं नाव घेतलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

मी हिरमुसलो होतो. काकांनी एका जुन्या, फुटक्या मुशीचा तुकडा उचलून माझ्या वहीवर ओढला. करडी, गुळगुळीत रेघ उमटली. म्हणाले, "तुझं ग्राफाइट हे बघ. ज्यात तू कोळसा तापवलास ना, ती मूसही याचीच."