ॐ म्हणजे आधी ‘होय’: अर्थ, मात्रा आणि नंतरची शांतता

नमस्कार मंडळी.

भोगीच्या दिवशी सिद्धेश्वर तलावाजवळच्या संमती कट्ट्यावर काय घडतं, ते सोलापूरकराला सांगावं लागत नाही. यात्रेतले सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येऊन उभे राहतात, संमती वाचली जाते, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ कानावर पडतं आणि चहूबाजूंनी अक्षता उडतात. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो. आता कट्ट्याचं नाव पुन्हा ऐका: संमती. म्हणजे होकार.

आज आपण ज्या अक्षराबद्दल बोलणार आहोत, त्याचा उपनिषदांतला एक फार जुना अर्थ नेमका हाच आहे. ॐ म्हणजे होय. कट्ट्यावरचा विधी उपनिषदातून आला असा दावा मी करत नाही. पण हा अर्थ मनात उतरवायला आपल्या गावात याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही.

छांदोग्य उपनिषदाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या अध्यायाच्या पहिल्याच खंडात, ॐ ला ‘अनुज्ञाक्षर’ म्हटलंय. माणूस कशालाही अनुमती देतो तेव्हा ‘ओम्’ म्हणतो, असं तिथे सरळ लिहिलंय. आणि पुढे म्हटलंय की अनुमती हीच समृद्धी.

याचा वापर बघायचा असेल तर बृहदारण्यक उघडा, तिसरा अध्याय, नववं ब्राह्मण. शाकल्य याज्ञवल्क्यांना विचारतो, देव किती? उत्तर येतं, तीन हजार तीनशे सहा. शाकल्य म्हणतो, ‘ओम्’, आणि पुन्हा विचारतो, पण देव किती? तेहतीस. ‘ओम्.’ पण किती? सहा. मग तीन, मग दोन, मग दीड, शेवटी एक. सात उत्तरं आणि प्रत्येक उत्तरावर शाकल्याचा ‘ओम्’. आपल्याकडे गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो ना, तसा. कन्नडात हौदु, तेलुगूत अवुनु, आपलं व्हय. एवढं साधं अक्षर आहे हे. आणि म्हणूनच मोठं आहे, असं मला मनापासून वाटतं. ज्या शब्दानं रोज समोरच्याचं म्हणणं मान्य करायचं, त्याच शब्दानं ऋषींनी अख्ख्या अस्तित्वाला ‘होय’ म्हटलं.

(पडद्यावर: अ + उ = ओ, ओ + म् = ओम्)

आता उच्चार. इथे थोडं थांबू, कारण इथेच जास्त गडबड होते.

अ आणि उ यांचा गुणसंधी होऊन ओ होतो. हा ओ व्याकरणात कंठोष्ठ्य: कंठातून निघतो, ओठांत गोल होतो. मग ओठ मिटतात आणि म् नाकातून घुमतो. उघड्या तोंडापासून मिटलेल्या ओठांपर्यंतचा सगळा प्रवास एका श्वासात होतो. म्हणून ‘अऽऽ’, मग ‘उऽऽ’, मग ‘मऽऽ’ असे तीन तुकडे पाडून म्हणणं, जे अनेक वर्गांत शिकवतात, ते घसा मोकळा करायला चालेल. ॐकार म्हणून नाही. प्रश्नोपनिषदात पाचव्या प्रश्नात पिप्पलाद ऋषी स्पष्ट सांगतात की तीन मात्रा, म्हणजे अ, उ आणि म्, सुट्या वापरल्या तर त्या ‘मृत्युमती’, मरणाच्या हद्दीतल्या. एकमेकींत नीट गुंफून वापरल्या तर जाणणारा डळमळत नाही.

मात्रा म्हणजे किती वेळ? ऱ्हस्व एक, दीर्घ दोन, प्लुत तीन. मंत्राच्या आरंभीचा ॐ प्लुत होतो, असं पाणिनीचं सूत्रच आहे: ‘ओमभ्यादाने’. म्हणून जुन्या पोथ्यांत ‘ओ३म्’ दिसतो; मधला तीन हा आकडा मात्रांचा. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात या मापांना पक्षी-प्राणी दिलेत. चाष, म्हणजे नीलपंख, एका मात्रेचं ओरडतो. कावळा दोन मात्रांचं. मोर तीन मात्रांचं. आणि मुंगूस अर्ध्या मात्रेचं! सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर गेलात तर कान देऊन बघा. घड्याळ नसलेल्या काळात मोराची केका हे प्लुताचं माप होतं.

आता अर्थाचा गाभा, मांडूक्य उपनिषद. अवघे बारा मंत्र, अथर्ववेदाचं. त्यात आत्म्याचे चार पाद, म्हणजे चार भाग, सांगितलेत आणि ते ॐ च्या मात्रांशी जोडलेत. अ म्हणजे जागेपण; त्या अवस्थेतल्या आत्म्याचं नाव वैश्वानर. उ म्हणजे स्वप्न, तैजस. म म्हणजे गाढ झोप, प्राज्ञ. कारणंही दिलीत. अ सगळ्यात पहिला. उ दोघांच्या मधला. स्वप्न असंच जागेपण आणि झोप यांच्या मधे लटकलेलं. म मधे आधीचं सगळं मोजलं जातं आणि विरून जातं, जसं झोपेत जग विरतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर अकार ब्रह्मा, उकार विष्णू, मकार महेश असं ऐकलंय. बरोबर आहे, तुकोबांच्या अभंगात तसंच आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभी माउलींनी अकाराला गणेशाचे चरण म्हटलंय, उकाराला विशाल उदर आणि मकाराला मस्तकाचं महामंडल. या वेगवेगळ्या मांडण्या आहेत, एकीनं दुसरी खोटी ठरत नाही. फक्त एकीचा अर्थ दुसरीच्या नावावर खपवू नका. ‘ॐ च्या चित्रातली खालची वळणं म्हणजे जागृती, वरचा बिंदू म्हणजे तुरीय (चौथा पाद)’ हे मांडूक्याच्या नावानं फिरतं. मांडूक्यात अक्षराच्या आकाराबद्दल एक शब्द नाही. ते ऐकायचं उपनिषद आहे.

आणि चौथा पाद? त्याला मात्राच नाही. ‘अमात्र’. बाराव्या मंत्रात त्याला व्यवहारापलीकडचा, प्रपंच जिथे शमतो तो, शिव, अद्वैत म्हटलंय. म् विरल्यानंतर जी शांतता उरते, ती इथे महत्त्वाची. पण एक काळजी घ्या: तुरीय ही झोपेनंतर येणारी चौथी पायरी नव्हे. तिन्ही अवस्थांत जे सतत आहेच, ते तुरीय. शांततेत ते तयार होत नाही. तिथे आवाज नसतो म्हणून लक्ष जाणं सोपं, एवढंच.

मग करायचं कसं? पाठ ताठ, खांदे सैल. नाकातून श्वास घ्या, साधारण चार सेकंद. आवाज रोजच्या बोलण्याच्या पट्टीत ठेवा. उगाच खर्जात ओढलात तर घसा खरवडतो. ओ जितका वेळ, तितकाच किंवा थोडा जास्त म्. दोन्ही मिळून दहा सेकंद पुरे. श्वास पूर्ण संपायच्या आधीच थांबा. पुढचा श्वास हापकत घ्यावा लागला, तर आधीचा ॐ लांबला होता असं समजा.

म् बरोबर लागतोय का, याची खूण सोपी आहे. म् चालू असताना नाकपुड्या चिमटीत धरा. आवाज तिथल्या तिथे बंद पडला पाहिजे. बंद पडला नाही, तर ओठ नीट मिटलेले नाहीत आणि हवा तोंडातून जातेय. जीभ मागे चिकटून ‘ओंग’ होत असेल, तर जीभ खाली सैल सोडा. शेवटी ‘ओम्म’ असा फुटका अ ऐकू येतो, तो ओठ लवकर उघडल्यामुळे. आधी आवाज थांबवा, ओठ नंतर.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: एक ॐ संपतो न संपतो तोच दुसरा. माळेचे एकशे आठ मणी उरकायचे असतात, त्यात चौथा पाद दर वेळी कापला जातो. त्यापेक्षा अकराच म्हणा. प्रत्येकानंतर सहा सेकंद काहीही करू नका, मनात मोजूही नका. अदमास चुकला तरी चालेल. अकरा वेळा मिळून चार मिनिटंही लागत नाहीत.

पतंजलींनी जपाच्या सूत्रात जपाबरोबर ‘तदर्थभावनम्’ जोडलंय, म्हणजे त्याच्या अर्थाचं भान. सुरुवातीला तेवढ्यासाठी शाकल्याचा अर्थ पुरेसा आहे. ओ म्हणताना ‘होय’, म् विरताना ‘होय’, आणि त्या सहा सेकंदांत तोही शब्द सोडून द्या.