माशाआधी फरशी

(कोल्हापुरातल्या हौशी मासे पाळणाऱ्यांच्या मेळाव्यातलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'टाकीखाली कोणती फरशी असावी' असा छापलाय. मघाशी जिन्यात एकानं विचारलं, "मास्तर, यात अर्धा तास बोलण्यासारखं काय हाय?" म्हटलं, आत येऊन बस, मग सांग. तो काही आलेला दिसत नाही.

आपलं हे खासबागेच्या कुस्ती मैदानाचं गाव. पैलवानाचा खुराक, वस्ताद, लंगोट सगळं नंतर; आधी हौद्यातली माती. ती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचं, खोऱ्यानं उकरायची. आणि असल्या गावातला गडी घरी 4 फुटी टाकी आणतो तेव्हा ऑस्कर घ्यायचा की गोल्डफिश यावर आठवडाभर भांडतो. मग फिल्टर, मग मागं चिकटवायचं समुद्राचं चित्र. टाकी उभी कशावर राहणार, हे टेम्पो दारात आल्यावर आठवतं. मी एवढा तापून बोलतोय, कारण तो गडी मीच.

मंगळवार पेठेत आमचं जुनं घर. वर माडी, माडीला सागवानी तुळया आणि तक्तपोशी. मुलाच्या लग्नाआधी टूम निघाली की माडीवर लाकडासारखी दिसणारी लॅमिनेटची फरशी घालायची. दुकानदाराचं नाव घेत नाही; त्याचा मेहुणा इथं बसलेला असायचा. त्यानं नमुन्याच्या तुकड्यावर तांब्याभर पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "बघा मास्तर, कोरडं ठणठणीत!" मी भूगोल शिकवण्यात हयात घालवली, पाणी भेगेतून मुरतं हे पोरांना हजारदा सांगितलं, आणि तिथं मान डोलावून आलो. कारण लॅमिनेटमध्ये वरून पाणी जातच नाही हो. ते सांध्यातून जातं. आत दाबलेला लाकडाचा भुसा असतो, तो एकदा फुगला की वाळला तरी परत बसत नाही.

टाकी आली. 4 फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. नळी लावून भरली. भरली तेव्हा डावीकडं पाणी काठाला आणि उजवीकडं बोटभर खाली. बायको म्हणाली, "अहो, टाकी कलंडलीय काय?" म्हटलं, नजरेचा दोष आहे. नात शेजारून पळाली की पाणी डुचमळायचं, मासे कोपऱ्यात गोळा व्हायचे. आम्हाला वाटायचं, तिला बघून घाबरतात.

तीनेक महिन्यांनी बायको म्हणाली, "अहो, हितं पायाला काहीतरी लागतंय." मी म्हटलं, तुझ्या पायाला सदा काहीतरी लागतंच. (हसू नका, घरी जाऊन मलाच ऐकायचंय.) वाकून बघितलं तर टाकीपुढच्या सांध्याची कड फुगून उभी राहिलेली. बादलीनं पाणी बदलताना जे थेंब पडत होते ते सगळे तिथं साठलेले. खालून ओल्या पोत्यासारखा वास.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, टिचक्या मारून बुडबुडे घालवले, दोन्ही टोकं भिंतीला धरून पेन्सिलीच्या खुणा केल्या. 4 फुटांत 14 मिलीमीटरचा फरक! म्हणाला, "मास्तर, नुसती फरशी नव्हं, तुळईच वाकलीया." टाकी तुळईला समांतर, बरोबर एकाच तुळईवर उभी होती. मग उपसा. मासे धुण्याच्या टबात. शेजारच्या काकू तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या होत्या, त्यांना हात जोडले. तांबं माशांना विषासारखं, हे लक्षात ठेवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली: 5 मिनिटं. आणि विषय अजून सुरूच व्हायचाय. बरं, धावतं सांगतो.

वजन. त्या टाकीत 255 लिटर, म्हणजे 255 किलो पाणीच. काच, वाळू, स्टँड धरून साडेतीनशे किलो, तेही 6 चौरस फुटांवर. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबानं बांधतात, इथं सहाशेच्या वर जातं. पण घाबरू नका, तो हिशेब खोलीभर पसरलेल्या वजनाचा. बीमजवळ, भिंतीला लागून ठेवा. लाकडी माडी असेल तर तुळयांना आडवी ठेवा, म्हणजे चार तुळया मिळून ओझं घेतील. त्याहून बरं म्हणजे तळमजला. यावर शाहूपुरीची मंडळी हसतात. 2019 च्या ऑगस्टातल्या महापुरात तिथं टाकीबाहेरचं पाणी टाकीच्या वर होतं.

फरशी. व्हिट्रिफाइड टाइल चांगली, पाणी पीत नाही. पण आधी नाण्यानं ठोकून बघा. बद्द वाजली तर खाली पोकळ आहे, स्टँडचा पाय तिथंच तडा पाडणार. एकेका पायावर 85 ते 90 किलो येतात, म्हणून पायांखाली पत्र्याचे चौकोन द्या किंवा अखंड ग्रॅनाइटची लादी घाला. ग्रॅनाइट उत्तम. शहाबादी आणि कोटा दणकट, पण दोन्ही चुनखडीचे दगड, आणि संगमरवर त्यांचाच भाऊबंद. काचेवरचे पांढरे डाग व्हिनेगरनं पुसताना थेंब खाली पडले की फरशीची चमक तिथंच गेली. लोखंडी स्टँडचा गंजही संगमरवरावरून निघता निघत नाही. व्हिनाइलच्या फळ्या भिजून फुगत नाहीत, पण पाणी त्यांच्याखाली शिरून बसतं आणि वास मारतं. गालिचा नकोच.

ढाळ. जुन्या घराच्या सोप्यात फरशीला मोरीकडं उतार असतोच. आमची टाकी आता तिथं, शहाबादीवर आहे. टाकी समपातळीत आणायला पट्ट्या स्टँडच्या पायाखाली घालायच्या, काचेखाली कधीच नाही. काच एका जागी उचलली गेली की तळ तडकतो. थर्माकोल मात्र काचेखाली, पायाखाली नव्हे. परवा आपल्यातल्याच एकानं नेमकं उलटं केलं आणि रात्री दोन वाजता...

बरं, बरं, बसतो. ते चहाच्या वेळी सांगतो, तो इथंच बसलाय.