बोंडू: फळ नसलेलं फळ

गोव्यातला सत्तरी तालुका, एप्रिलची सकाळ. काजूच्या झाडाखाली बोंडूंचा, म्हणजे काजूच्या रसाळ बोंडांचा, लाल-पिवळा सडा पडलाय. यातला एकही बोंडू खुडलेला नाही. फेणीसाठी, म्हणजे बोंडूच्या रसापासून गाळलेल्या दारूसाठी, तो पिकून आपणहून गळावा लागतो. घाईने ओढलेल्या बोंडूत गोडी कमी.

आता जवळून बघा. यात फळ कुठलं? खाली लोंबतेय ती करडी बी. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तेच काजूचं खरं फळ. बोंडू म्हणजे फुगलेला देठ! काजू आंब्याच्याच कुळातला, मोहोरावरून शंका येतेच. आधी बी वाढते, हिरवीगार, टणक. तोवर देठ काडीएवढा. मग शेवटच्या काही आठवड्यांत तो रस धरतो, रंगतो आणि बीला झाकोळून टाकतो. बीच्या टरफलात कातडी भाजणारं तेल, देठात मात्र साखर. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड इथल्या डोंगरउतारांवर असं रुजलं, की परकं वाटतच नाही.

पिरगळून बी वेगळी केली. बोंडू गेले कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात. पाय चालू झाले. उरलेल्या चोथ्यावर दगडांचं वजन ठेवलं की थेंब थेंब गळतो तो नीरो. हा ताजाच प्यायचा. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबतो. वरून यीस्ट घालायचं नाही, बोंडूच्या सालीवर असतं तेवढं पुरतं. हा फेस त्याचाच.

मग भट्टी. भाणात, म्हणजे उकळायच्या भांड्यात रस, खाली लाकडं. वाफ नळीतून लावणीत, म्हणजे ती थंड होऊन साठते त्या मडक्यात उतरते आणि लावणीवर पाणी ओतत राहायचं, हात थांबता कामा नये. पहिल्यांदा निघतो तो उर्राक, सौम्य, हंगामापुरता. त्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा भट्टी लावली की फेणी. तिच्यात अल्कोहोल 42 टक्क्यांच्या आसपास.

2009 साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव गोव्याचंच.

आता गोव्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात येऊ. दोडामार्ग, सावंतवाडी. माती तीच, झाडं तीच. इथे बी पोत्यात जाते आणि बोंडूचे ढीग बागेतच कुजतात. फेणी हे नाव गोव्याचं, ते नको. पण सरबत, वाइन, सिरप करायला कोणी अडवलंय? अडचण एवढीच, बोंडू दिवसभरात आंबायला लागतो, लांबच्या कारखान्यापर्यंत टिकत नाही. रस काढायची सोय बागेपासून तासाभराच्या आत हवी, आणि वाइनचा परवाना छोट्या बागायतदाराला परवडेल असा.