'माझं सगळं मीच करते'

श्रोतेहो, नमस्कार.

मुले परदेशात स्थायिक झाली, आईवडील मागे राहिले, आणि हळूहळू त्यांना एकटे राहणे जमेनासे झाले, अशी वेळ आज असंख्य कुटुंबांवर येते. त्या वेळी मुलांच्या मनात पहिला विचार येतो तो त्यांना आपल्याकडे कायमचे घेऊन येण्याचा. हा विचार इतका स्वाभाविक असतो, की त्याच्या आड एखादा नियम येऊ शकेल हे अनेकांना पहिला अर्ज नामंजूर होईपर्यंत खरेच वाटत नाही. आज मी मुख्यतः ब्रिटनच्या नियमाविषयी बोलणार आहे, कारण तो सर्वांत कडक नियमांपैकी एक आहे आणि त्याच्याशी माझी ओळख अगदी जवळून झाली आहे.

ब्रिटनमध्ये 9 जुलै 2012 पूर्वी साधारणपणे 65 वर्षे पूर्ण केलेल्या आणि पैशासाठी मुलांवर अवलंबून असलेल्या आईवडिलांना तिथे स्थायिक होण्याचा मार्ग मोकळा होता. त्या तारखेपासून नियम बदलला. आता वय किंवा पैसा पुरेसा नाही. आई किंवा वडील यांना म्हातारपणामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजच्या साध्या गोष्टींसाठी, म्हणजे आंघोळ, कपडे घालणे, जेवण यांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे, हा झाला नियमाचा पहिला भाग. दुसरा भाग त्याहून अवघड आहे. तशी मदत त्यांच्या स्वतःच्या देशात, मुलांनी पैसे पाठवूनही, मिळू शकत नाही किंवा परवडू शकत नाही, हेही दाखवावे लागते. पुन्हा सांगते, कारण गफलत इथेच होते: मदत लागते हे दाखवून भागत नाही, ती मदत तिथे मिळत नाही हेही दाखवावे लागते. आईवडील दोघांनी एकत्र अर्ज केला, तर दोघांपैकी एकाला अशी मदत लागत असणे पुरते. अर्जाचे शुल्क तीन हजार पौंडांहून अधिक आहे आणि अर्ज नामंजूर झाला तर ते परत मिळत नाही.

आता मी तुम्हाला एका वहीची हकीकत सांगते.

माझी एक बालमैत्रीण ब्रिटनची नागरिक आहे. ती एकुलती एक. तिच्या आईला आम्ही सगळे काकू म्हणतो. काका गेल्यानंतर दोन वर्षांत काकूंच्या हातांचा कंप इतका वाढला, की त्यांना स्वतःचे बटण लावता येईना आणि रात्री उठल्या की तोल जाऊ लागला. मैत्रिणीने अर्ज करायचे ठरवले आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणण्याचे काम माझ्याकडे आले. त्या दिवशी सकाळी मी काकूंकडे पोहोचले, तेव्हा त्या तयार होऊन बसल्या होत्या. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले, हातात रुमाल. त्यांना तेवढे तयार करायला मदतीच्या मावशींना दीड तास लागला होता, हे मला मागाहून कळले. काकूंनी चालण्याची चौकट घरीच ठेवली आणि माझा दंड घट्ट धरून त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या.

डॉक्टरांनी विचारले, "आजी, घरात काम कोण करतं?"

"माझं सगळं मीच करते," काकू म्हणाल्या.

"आंघोळ वगैरे?"

"म्हणजे काय, मीच करते!"

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. मला सगळे ठाऊक होते आणि तरी मी काही बोलले नाही. ज्या बाईंनी लहानपणी मला न्हाऊमाखू घातले, त्यांच्यादेखत परक्या माणसाला "नाही हो, यांना दुसरं कोणीतरी आंघोळ घालतं" असे सांगणे मला जमले नाही. डॉक्टरांनी दोन ओळींचे प्रमाणपत्र दिले. त्यांतली दुसरी ओळ अशी होती: रुग्ण आपली दैनंदिन कामे स्वतः करू शकते. आम्ही ते न वाचताच पाकिटात घातले. काही महिन्यांनी अर्ज नामंजूर झाला आणि नकाराच्या पत्रात नेमकी तीच ओळ जशीच्या तशी उद्धृत केलेली होती.

इथे मला थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. वृद्ध माणसाला "तुम्हाला हे जमतं का" असे कधीही विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांचा स्वाभिमान देतो. "काल आंघोळीच्या वेळी बरोबर कोण होतं" असे विचारले, तर खरे काय ते कळते. माझ्या मते वैद्यकीय शिक्षणात हे औषधांच्या बरोबरीने शिकवायला हवे.

मैत्रीण तीन आठवड्यांची रजा काढून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात मावशींशी बोलत असताना मावशींनी फडताळातून शाळेची एक दोनशेपानी वही काढून तिच्यापुढे ठेवली. ती वही मावशींनी स्वतःच्या पगारासाठी लिहिली होती. दिवसाच्या कामाचे पैसे ठरलेले होते, रात्री उठावे लागले तर त्याचे वेगळे मिळायचे, म्हणून प्रत्येक रात्रीची नोंद त्यांनी तारीख आणि वेळ घालून ठेवली होती. अक्षर मोठे आणि वाक्ये तुटक होती. "ता. 11, रात्री 2. उठवले. बाथरूम. कपडे बदलले." "ता. 14, रात्री 1 आणि 4. पडल्या. खांद्याला मुका मार." अशा सात महिन्यांच्या नोंदी होत्या. मैत्रीण ओट्याला टेकून उभी राहिली आणि एकेक पान वाचत गेली, कारण दूरध्वनीवर रोज "मी छान आहे" असे सांगणाऱ्या आईच्या रात्री कशा जातात, हे तिने त्या सकाळी प्रथम वाचले.

दुसऱ्या अर्जात त्या वहीचे प्रत्येक पान अधिकृत भाषांतरासह जोडले गेले. या वेळी वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर घरी आले. त्यांनी काकूंना प्रश्न कमी विचारले आणि पलंगावरून उठून न्हाणीघरापर्यंत जायला सांगितले. मग त्यांनी बार्थेल निर्देशांक मांडला. जेवण, आंघोळ, कपडे, शौच, पलंगावरून खुर्चीत बसणे, जिना चढणे अशा दहा बाबींसाठी शंभरांपैकी गुण देण्याची ही पद्धत 1965 मध्ये प्रसिद्ध झाली. अशा कागदात "प्रकृती अशक्त आहे" यासारखे मोघम काही राहत नाही. कोणत्या कामाला किती मदत लागते ते त्यात आकड्यांत उतरते.

नियमाच्या दुसऱ्या भागासाठी, म्हणजे मदत इथे का मिळत नाही यासाठीही पुरावे गोळा केले. 14 महिन्यांत पाच मावशी बदलल्या होत्या आणि वहीवाल्या मावशीही आता गावी परतणार होत्या. माणसे पुरवणाऱ्या दोन संस्थांनी रात्रीसाठी कायमचे माणूस देता येणार नाही असे लेखी कळवले. नवे माणूस आले की काकू खोलीची कडी आतून लावून घेत आणि त्याच्या हातच्या गोळ्या घेत नसत, हे मानसोपचारतज्ज्ञांनी अहवालात नोंदवले. हा अहवाल मोलाचा होता. 2017 मध्ये ब्रिटनच्या अपील न्यायालयाने हा नियम वैध ठरवला खरा, परंतु मायदेशी मिळणारी काळजी त्या व्यक्तीच्या दृष्टीने योग्य आहे का हे पाहताना तिच्या भावनिक आणि मानसिक गरजाही लक्षात घ्याव्या लागतात, हे त्याच निकालात स्पष्ट केले. अनेक अर्जदार अजूनही ही बाब सोडून देतात.

काकूंना परवानगी मिळाली. त्या निघाल्या त्या आठवड्यात मावशी आपली वही परत मागायला आल्या, कारण शेवटच्या दोन महिन्यांचा हिशेब तीत होता. रात्रीच्या जागरणाचे असे पैसे देणारी आणि त्याची नोंद ठेवू देणारी घरे फार थोडी आहेत. ती वाढली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

इतर देशांविषयी थोडक्यात सांगते. अमेरिकेत 21 वर्षे पूर्ण झालेला नागरिक आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो आणि त्या व्हिसांना वार्षिक मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाला मात्र हा हक्क नाही, आणि आर्थिक जबाबदारीची लेखी हमी नागरिकालाही द्यावीच लागते. कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी मुलांना क्यूबेक प्रांत वगळता 20 वर्षांची हमी द्यावी लागते आणि अर्जांची संख्या मर्यादित असते. त्यामुळे अनेकजण सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांसाठीचा दीर्घ मुक्कामाचा पाहुणा व्हिसा, घेतात. त्यावर 2022 पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. ऑस्ट्रेलियात किमान निम्मी मुले त्या देशात असावीत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तिथे अधिक असावीत, अशी अट आहे; कमी शुल्काच्या व्हिसासाठी तीस वर्षांच्या घरात थांबावे लागते. सत्तरीच्या माणसाला तीस वर्षे थांबायला सांगणे मला क्रूर वाटते.

शेवटी एक इशारा. पाहुणा म्हणून सहा महिन्यांसाठी आणायचे आणि तिथूनच कायमचा अर्ज करायचा, असा सल्ला ओळखीचे लोक हमखास देतात. ब्रिटनच्या नियमात तो बसत नाही. हा अर्ज देशाबाहेरूनच करावा लागतो. पाहुण्याच्या अर्जात "परत जाणार" असे लिहून मनात दुसरे ठेवले, तर पुढचा खरा अर्जही संशयाने पाहिला जातो. तेव्हा आईवडिलांकडे मदतीला जे कोणी येत असेल, त्याच्या हाती एक वही द्या, रोजची तारीख आणि वेळ घालायला सांगा, आणि डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी प्रमाणपत्र तिथेच बसून वाचा.

नमस्कार.