कोयता लागला, बोटं बधिर झाली, आता पुढे?

मंडळी, देवगडात या विषयावर बोलायचं तर उदाहरण शोधायला लांब जायला नको. नारळ सोलताना कोयता निसटतो, डाव्या मनगटावर बसतो, रक्त थांबतं, टाके पडतात आणि माणूस म्हणतो चला, थोडक्यात निभावलं. मग चार दिवसांनी कळतं की अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर आहेत, चिमटा काढला तरी पत्ता नाही. मनगटातली मीडियन नर्व्ह, म्हणजे या बोटांची संवेदना वाहणारी नस, तुटलीय, आणि वरून कातडी शिवली म्हणजे आतली नस जोडली गेली असं नसतं हो.

आत काय होतं बघा. 1850 मध्ये ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं की कापल्या जागेच्या पुढचा धागा मरतो, कारण त्याची मूळ पेशी मागे पाठीच्या कण्यापाशी असते. पण धाग्याभोवतीच्या श्वान (Schwann, हे शास्त्रज्ञाचं नाव) पेशी टिकतात, कचरा साफ करतात, ओळीने लागतात. पडवळाच्या वेलाला आपण दोरी बांधून देतो ना, तसं, मागून फुटलेला कोंब त्या ओळीच्या आधाराने पुढे सरकतो. मधे फट राहिली तर भरकटतो, गुंता होऊन गाठ होते आणि ती भयंकर दुखते, म्हणून सर्जन मायक्रोस्कोपखाली टोकं जुळवतात.

वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. मनगटापासून बोटाचं टोक 18 सेंटिमीटर धरा, म्हणजे 6 महिने, सुरुवातीचे काही आठवडे वेगळेच. खांद्यापाशी तुटली तर पंजापर्यंत यायला दीड-दोन वर्षं, आणि स्नायू काही तेवढा थांबत नाही, 12 ते 18 महिने नसेविना गेले की तो कामातून जातो. त्यामुळे "आंब्याचा सीझन होऊ दे, मग दाखवू" हे मला ऐकवत नाही, खरंच राग येतो.

कोंब कुठवर आलाय ते घरीही समजतं. बोटाकडून मनगटाकडे हळूहळू टिचकी मारत या, जिथे मारल्यावर बधिर बोटात मुंग्या येतात तिथे पेनाने खूण करा. महिन्याने पुन्हा बघा, खूण बोटाकडे सरकली असेल तर गाडी चालू आहे. तोवर चुलीवरचं पातेलं त्या हाताने धरू नका, भाजलेलं कळणार नाही.

1903 मध्ये हेन्री हेड नावाच्या डॉक्टरने तर स्वतःच्या हातातली नस मुद्दाम कापून शिवून घेतली आणि रिव्हर्स या मित्राकडून 4 वर्षं कापूस, सुया, गरम-थंड लावून तपासून घेतलं. असली माणसं!

मज्जारज्जूचं मात्र वेगळं. तिथे श्वान पेशी नाहीत, उलट वाढ रोखणारे पदार्थ आणि व्रण असतो. 1981 मध्ये डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदराच्या पायातली नस मज्जारज्जूला जोडली तर तिथलेच धागे तिच्यातून काही सेंटिमीटर वाढले, म्हणजे अंगात ताकद होती, वाट नव्हती. पण अजून दवाखान्यात तसा इलाज नाही. म्हणून आंब्याच्या कलमावरून कोणी पडला तर हातपाय धरून रिक्षात कोंबू नका, मान-पाठ वाकू न देता सरळ फळीवर घ्या.

हां काकी, बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनचं विचारलंत. कमी असेल तर जरूर घ्या, पण तुटलेली नस त्याने सांधत नाही. आणि शुगर असेल तर ती आधी आटोक्यात आणा, डायबेटिसमध्ये ही वाढ आणखी मंदावते.